पाठमोऱ्या बाई

डॉक्टरबाईंचं मला पहिलं दर्शन झालं ते त्यांच्या पाठीचं.

कसबा पेठेत, तांबट आळीच्या जरा अलीकडे, एका घराच्या पहिल्या मजल्यावर त्यांची खोली होती. आम्ही दोघं नवराबायको चार वर्षांच्या गौरीला घेऊन जिना चढलो. वर सतरंजीवर एक बाई भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसलेली. पिवळसर पांढरी सुती साडी, करड्या केसांचा अंबाडा, शेजारी पाण्याचा तांब्या. मी नमस्कार केला तो पाठीलाच. ह्यांनी घसा खाकरला. तेव्हा पाठ म्हणाली, "बसा आपण. काही बोलू नका. तिला काय करायचंय ते करू दे."

गौरीनं खोली पालथी घातली. नळ सोडला, बंद केला, परत सोडला. भिंतींचा वास घेतला. खाली तांबटांचे हातोडे पडत होते, ठण् ठण् ठण्. मला धाकधूक, की आता ही कान दाबून किंचाळणार. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, कशानंही ती किंचाळायची. पण हातोड्यांच्या त्या सारख्या ठेक्यावर ती खिडकीखाली उकिडवी बसली आणि ऐकत राहिली. मग कधीतरी उठली, बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं त्यांच्या अंबाड्यात बोट घातलं. बाई हलल्या नाहीत. गौरीनं एक आकडा काढला, मग दुसरा. अंबाडा सुटून पाठीवर आला, आणि बाई म्हणाल्या, "झाली ओळख." मग कुठे आमच्याकडे वळल्या.

पुढे पुष्कळ दिवसांनी मी त्यांना विचारलं, की पाठ का करता. त्या म्हणाल्या, "तोंडावर फार मजकूर असतो हो. ह्या मुलांना तो एकदम वाचवत नाही. पाठ बरी. कोरी असते."

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. ह्यांना इकडे कारखान्यात काम मिळालं म्हणून पुण्यात आलो, दापोडीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, बदली घेऊन आले. मग गौरी झाली. दिसायला गोजिरी, पण हाक मारली की वळायची नाही. दोन वर्षांची झाली, तीन वर्षांची झाली, बोलेना. पंख्याकडे बघत तासन्‌तास पडून राहायची. कान तपासले, ते चांगले होते. अशात एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गौरीकडे थोडं आणि माझ्याकडे जास्त पाहिलं. नोकरी करता का, म्हणून विचारलं. मग ह्यांना म्हणाले, आईची माया कमी पडली की मूल असं मिटून जातं. मी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. सरकारी नोकरी होती. माझ्या वडिलांनी अकोल्याहून पत्र लिहून विचारलं होतं, तुला वेड लागलं का.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या गौरीसमोर एक वाटी उपडी, एक वाटी सुलटी अशी मांडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"सोडली?"

मी हो म्हटलं.

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "परत मिळत असेल तर बघा." आणि पुन्हा वाट्या मांडायला लागल्या. त्यांचा हात का थांबला, ते तेव्हा मला कळलं नाही.

नोकरी काही परत मिळाली नाही. पण त्या बघा, बघा म्हणून मागे लागल्या, आणि मी दापोडीला रस्त्यालगत एसटीडी-पीसीओ टाकला. काचेची पिवळी पेटी, आत फोन, वर पळणारे लाल आकडे. गौरी दिवसभर त्या आकड्यांसमोर बसायची आणि खूश असायची. गिऱ्हाईकं विचारायची, पोरीला काय झालंय. बाईंनी मला उत्तर शिकवून ठेवलं होतं. म्हणायचं, काही झालेलं नाही, ती अशी आहे. मला ते सुरुवातीला म्हणवत नसे.

बाईंच्या दारावर पाटी होती. 'मूल कधी बोलेल हे येथे सांगितले जात नाही.' खाली बारीक अक्षरात, 'कारण विचारू नये. आम्हीही तेच शोधत आहोत.' नवे लोक ती वाचून जिन्यातच अर्धे खचायचे. मी एकदा म्हटलं, बाई, जरा सौम्य लिहा. त्या म्हणाल्या, "सौम्य पाट्या बाकी सगळ्यांनी लावल्या आहेत. तिथून फिरून फिरून लोक माझ्याकडे येतात."

साड्या सगळ्या एकाच ताग्यातल्या होत्या. काठ नाही, नक्षी नाही. कोणी म्हणे व्रत आहे, कोणी म्हणे कंजूष आहे. त्या सांगायच्या, की मुलांना मी एकदा ओळखीची झाले की झाले, रोज नव्यानं ओळख कशाला करून द्यायची. अत्तर नाही, पावडर नाही, हातात बांगडी नाही, कारण बांगडी वाजते. खोलीतल्या घड्याळाचं मशीन काढून नुसती तबकडी टांगली होती. लुनावर बसून त्या पुणंभर फिरायच्या, पदर कमरेला खोचून. पुढच्याला हॉर्न म्हणून कधी द्यायच्या नाहीत, मागून "अहो" म्हणायच्या. त्यांच्या अहोला लोक हॉर्नपेक्षा लवकर बाजूला व्हायचे.

काही शब्द त्यांना चालत नसत. 'बिचारी' तर मुळीच नाही. कोणी म्हटलं की त्या उठून खिडकी सताड उघडायच्या आणि म्हणायच्या, कोंदट झालं. माझ्या सासूबाई पहिल्यांदा त्यांच्याकडे आल्या तेव्हा दोन्ही खिडक्या आणि दार उघडून झालं. 'स्वमग्न' हा शब्द तेव्हा नुकता वर्तमानपत्रांत यायला लागला होता. तोही त्यांना पसंत नव्हता. "स्वतःत मग्न? ही? अहो, ही पाण्यात मग्न आहे, पंख्यात मग्न आहे, तुमच्या त्या लाल आकड्यांत मग्न आहे. स्वतःत मग्न माणसं पाहायची असतील तर आमच्या डॉक्टरांच्या संमेलनाला चला."

सासूबाईंनी त्या भेटीत आपलं निदान सांगितलं. गौरी माझ्या पोटात असताना ग्रहण लागलं होतं. "हिनं इळीवर वांगी चिरली," सासूबाई म्हणाल्या. "म्या नाई म्हनलं होतं. ऐकलं नाई."

मी खाली मान घालून बसले. हे मी रोज ऐकत होते. बाईंनी अगदी आदरानं विचारलं, की वांगी किती होती, काटेरी होती की बिनकाट्याची. सासूबाईंनी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आजी, त्या दिवशी पुण्यात पुष्कळ बायकांनी वांगी चिरली असतील. त्यांची सगळ्यांची मुलं इथं आली असती तर माझा जिना पडला असता." त्यानंतर माझ्यासमोर सासूबाईंनी ग्रहणाचं नाव काढलं नाही.

बाई आधी एका मोठ्या इस्पितळात मुलांच्या डॉक्टर होत्या. ती नोकरी सोडून त्यांनी हा शोध धरला होता. एका घरात असं मूल का होतं आणि शेजारच्या घरात का होत नाही, हेच त्यांचं वेड. त्या आईबापांना तासन्‌तास प्रश्न विचारायच्या. बाळंतपण कसं झालं, ताप आला होता का, आजोबांच्या सवयी काय, आत्या उशिरा बोलली का. मग मुलाचं, आईचं, बापाचं रक्त घेऊन ते एका संशोधनसंस्थेच्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. ते आज वाचता येत नाही, त्या म्हणायच्या, पण वाचणारा कोणीतरी येईल.

ह्यांच्याशी त्यांचं बिनसलं ते ह्यावरूनच. त्यांनी ह्यांना विचारलं, की तुम्ही लहानपणी वस्तू ओळीनं मांडायचात का. ह्यांना ते झोंबलं, कारण खरंच मांडायचे. अजूनही आमच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर उंचीप्रमाणे लावलेले असतात. हे पुण्यात शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे, पण राग आला की अकोला बाहेर यायचं.

"मंग काय, माह्यापासून आलं म्हन्ता?"

"शक्य आहे. आईपासून आलं असेल, दोघांपासून आलं असेल, कोणापासूनच नसेल. माहीत नाही."

"म्हंजे दोष माहा."

"वारसा म्हणाले मी. दोष हा शब्द आपण आणलात."

हे उठले ते खाली जाऊन स्कूटरपाशी उभे राहिले. रक्त दिलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं हे आम्हाला कसब्यात सोडायचे, पण जिना चढायचे नाहीत. वर मी आणि गौरी, खाली हे, मधे तांबटांचे हातोडे. ह्यांच्या लेखी त्या 'तुही ती पाठीवाली' होत्या.

तोवर पुण्यात कंप्युटरचं वारं सुरू झालं होतं. औंधकडे नव्या सोसायट्या उठत होत्या, आमच्या पीसीओवरून मुलं बंगलोरला, हैदराबादला मुलाखतीचे फोन लावायची. बाईंकडेही औंधचं एक कुटुंब यायला लागलं. गृहस्थ सॉफ्टवेअरमधले, कॅलिफोर्नियाहून परत आलेले, मुलगा गौरीएवढा. फार सज्जन माणूस. त्यांनी बाईंना एक कंप्युटर आणून दिला. बाई त्याची ओळख सगळ्यांना 'आमचा नवा पेशंट' अशी करून द्यायच्या. डोळ्याला डोळा देत नाही, शब्दाचा अर्थ शब्दाएवढाच घेतो, एकच गोष्ट दिवसभर करायला सांगा, कंटाळत नाही. आणि ह्याला मात्र, त्या म्हणायच्या, सगळे हुशार म्हणतात.

त्याच गृहस्थांनी इंजेक्शनची बातमी आणली. अमेरिकेत म्हणे एका मुलाला पोटाच्या तपासणीसाठी एक इंजेक्शन दिलं, आणि तो मुलगा बोलायला लागला. तिथे आईबाप त्या औषधासाठी रांगा लावत होते. त्या गृहस्थांनी तिकडच्या मित्रांकडून बाटल्या मागवायची तयारी केली होती. पालकांच्या सभेत ते हे सांगत होते तेव्हा खोलीत श्वास ऐकू येत होता. बाई सोडून आम्ही सगळे रडलो.

बाईंनी मोडता घातला नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, की द्यायचं तर नीट देऊ. निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं ते आईबापांना कळणार नाही, मलाही नाही. बाटल्या औषधशास्त्राचे एक प्राध्यापक भरतील, आणि कोणाला काय ते फक्त त्यांना ठाऊक असेल. नंतर त्यांना विचारायचं.

लोक भडकले. आमची मुलं काय उंदीर आहेत का, म्हणाले. बाई म्हणाल्या, "नाहीत. म्हणूनच तर. खात्री नसलेलं औषध तुम्ही रक्तात घालायला निघाला आहात. निदान त्यातून काहीतरी कळू दे." औषध गुणकारी निघालं तर मागाहून सगळ्यांना मिळेल, हेही त्यांनी कबूल केलं. इस्पितळाच्या समितीची परवानगी मिळवायला त्या किती दिवस लुना घेऊन फिरल्या, ते मी पाहिलं आहे.

गौरीला इंजेक्शन दिलं आणि आठ-पंधरा दिवसांत आमचं घर बदललं. आधी ती सलग झोपायला लागली. मग एकदा दुपारी पीसीओत तिनं माझा हात उचलून आपल्या गालाला लावला. आणि एका सकाळी मी पोळ्या लाटत होते, ती ओट्याशी येऊन उभी राहिली, तव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दे."

मी लाटणं हातात धरून तशीच उभी राहिले. ती पुन्हा म्हणाली, "दे."

सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. अकोल्याला फोन गेले. ह्यांनी कामावरून आल्यावर तिला पोळी दाखवून पुन्हा पुन्हा ते म्हणायला लावलं, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्या मुलीला औषधच मिळालं होतं.

काही महिन्यांनी सगळ्यांच्या नोंदी पुऱ्या झाल्या आणि प्राध्यापकांनी बाईंना काय ते सांगितलं. बाईंनी कोणालाही कसब्यात बोलावलं नाही. लुना घेऊन त्या प्रत्येकाच्या घरी गेल्या. आमच्याकडे आल्या त्या दुपारच्या उन्हात. पाणी पण न पिता म्हणाल्या, "गौरीला मिठाचं पाणी दिलं होतं."

माझ्या डोक्यात आधी ते शिरलंच नाही. मी म्हटलं, म्हणजे औषध नव्हतं?

"नव्हतं."

"मग ती दे म्हणाली ते?"

"ते तिनं केलं. तिचं तिनं. आणि तुमच्या देखत केलं. त्यातलं काहीही औषधाला देऊन टाकू नका."

आतून सासूबाई म्हणाल्या, मंग आमी वाटलेले पेढे? बाई म्हणाल्या, "पेढे बरोबर वाटलेत, आजी. फक्त कोणाचे, ते चुकलं."

आज मी हे हसत सांगते. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. माझ्याजवळ एक औषध होतं, ते त्यांनी काढून नेलं होतं. आता पुढचा शब्द कुठून आणायचा? तिचं तिनं केलं म्हणजे उद्या तिचं तिनं थांबवलं तर? मी त्यांना सोडायला दारापर्यंतही गेले नाही.

पण त्या गेल्या नाहीत. पायरीवर बसल्या. मी बाहेर आले तेव्हा माझ्याकडे न बघताच बोलायला लागल्या. तरुणपणी त्या इस्पितळात असताना एक बाई अशाच आपल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. त्या गात असत, कार्यक्रम करत असत. तेव्हाच्या पुस्तकांत लिहिलं होतं, की आई थंड असली की मूल असं होतं. "मी ते वाचलं होतं," बाई म्हणाल्या, "आणि पुस्तकातलं मला पाठ असायचं. मी त्यांना सांगितलं, तुम्ही गाण्यात आहात, मूल एकटं पडलं."

त्या बाईंनी गाणं सोडलं. तंबोरा कोणाला तरी देऊन टाकला. मुलगा जसा होता तसाच राहिला. काही वर्षांनी पुस्तकं बदलली, तेव्हा आमच्या डॉक्टरबाई त्यांचं घर शोधत गेल्या. माझं चुकलं म्हणाल्या. तुमचा काही दोष नव्हता, म्हणाल्या.

"त्यांनी मला चहा केला. मुलाचे कपडे घडी करत होत्या. म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. आणि मग विचारलं, पण मग कशानं झालं हो? एक कारण मी त्यांना दिलं होतं, ते काढून घेतलं, आणि बदल्यात द्यायला काही नव्हतं." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "आज पुन्हा तेच केलं मी. तुमच्या घरी."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मग मी आत जाऊन चहा टाकला.

औंधच्या मुलाला खरं औषध मिळालं होतं. त्याच्यात काहीच बदल झाला नव्हता. त्याच्या वडिलांना ते पटेना. चूक आहे म्हणजे ती कुठेतरी सापडणार आणि दुरुस्त होणार, असं त्यांच्या धंद्यात असतं. ते पुन्हा परदेशी गेले, त्यांच्याबरोबर आणखीही काही कुटुंबं बाईंपासून तुटली. नवी औषधं येत राहिली, नवे आहार, नव्या गोळ्या. लोक त्यांच्या मागे जायचे आणि दमून परत कसब्याचा जिना चढायचे. बाई कोणाला मी म्हटलं होतं ना, असं म्हणाल्या नाहीत. त्यांच्या तिरकस जिभेला एवढी एक जागा वर्ज्य होती.

रविवारी त्या मुलांना खडकवासल्याला न्यायच्या. बसनं, सगळ्या आयांसकट. धरणाच्या पाण्यासमोर मुलांना ओळीनं बसवायचं आणि काही म्हणजे काही करायचं नाही. गौरी पाण्याकडे बघत अंग झुलवायची, बाई तिच्या बाजूला बसून तशाच झुलायच्या. एकदा एका कणीसवाल्यानं विचारलं, ही मुक्यांची शाळा हाय का? बाई म्हणाल्या, "नाही. पाण्याची आहे." त्यानं मुलांना कणसं भाजून दिली. ज्या मुलाला दाणे नको होते त्यानं नुसता धूर बघितला.

मग तो फ्रीज बिघडला. संस्थेत वीज गेली, सुट्ट्या लागून आल्या होत्या, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि इतक्या वर्षांचं जमवलेलं सगळं रक्त नासलं. बाई तेव्हा साठीच्या पुढे गेल्या होत्या. त्यांनी कोणाशी भांडण केलं नाही. एक दिवस घरात बसून राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी लुना काढून पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. आमच्याकडे आल्या तेव्हा हे घरात होते. बाई माझ्याशी बोलल्या, गौरीशी बोलल्या. ह्यांच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझं रक्त काढून झालं, गौरीचं झालं. त्या सुया आवरायला लागल्या तेव्हा हे खुर्ची ओढून समोर बसले आणि सदऱ्याची बाही वर केली. बाईंनी रक्त घेतलं. कापूस दाबून धरा म्हणाल्या. आभार वगैरे कोणी मानले नाहीत.

गुडघे गेले तेव्हा त्यांनी लुना विकली. पुढे कसब्यातलं ते घर बिल्डरकडे गेलं, आणि त्या भाच्याकडे नाशिकला राहायला गेल्या. गौरी कितीतरी दिवस शनिवारी चपला घालून दारात उभी राहायची, कारण शनिवार बाईंचा. तिला मी काय सांगणार? नाशिक तिला दाखवता येत नव्हतं. रविवारी बाईंचा फोन यायचा. आधी गौरीचं विचारायच्या, मग माझं, आणि बोलणं संपलं की निरोप वगैरे न घेता सरळ फोन ठेवून द्यायच्या. मी आपली हॅलो, हॅलो करत राहायचे. शेवटी शेवटी त्या जरा विसरायला लागल्या होत्या, पण एक प्रश्न सुटला नाही. "काही नवीन निघालं का हो?" म्हणजे कारण. मी पीसीओ चालवणारी बाई, पण त्या मला विचारायच्या, जणू माझ्या घरात प्रयोगशाळा आहे. मी नाही म्हणायचे. "बरं, निघेल," त्या म्हणायच्या.

एक रविवार फोन आला नाही. पुढचाही आला नाही. मग भाच्याचा आला.

आता बाणेरला, बावधनला काचेची मोठमोठी सेंटरं झाली आहेत. रंगीत भिंती, गाद्या, झोपाळे. तिथल्या मुली हुशार आहेत, प्रेमळ आहेत, त्यांना पुष्कळ येतं. मी कधी नव्या आयांबरोबर जाते. पण आत गेल्यावर मूल घाबरून कोपऱ्यात जातं, आणि समोरची मुलगी हसत हसत त्याच्या तोंडासमोर तोंड नेते, तेव्हा मला वाटतं, अगं, वळ. जरा पाठ कर. आणि मग त्या इतक्या आठवतात, की बाहेर येऊन बाकावर बसावं लागतं.

गौरी आता मोठी झाली. तिशी ओलांडली. थोडे शब्द आहेत तिच्यापाशी, ते ती जपून वापरते. सासूबाई गेल्या, हे निवृत्त झाले. मागच्या वर्षी एका इस्पितळातून फोन आला, की नव्या तऱ्हेनं रक्त तपासतात, तुम्ही तिघं याल का. बाईंच्या वेळचं काही उरलं होतं की नाही, कोणाला ठाऊक नव्हतं. आम्ही पुन्हा बाह्या वर केल्या. काही महिन्यांनी एका तरुण डॉक्टर मुलीनं मला बोलावलं. मी आणि गौरी गेलो. तिनं मला समजेल असं सांगितलं. गौरीच्या एका जनुकात बदल आहे. तो आईकडे नाही, वडिलांकडेही नाही. तिच्यापासूनच नवा सुरू झाला आहे. सगळ्यांचं असं एका जागी सापडत नाही, ती म्हणाली. आणि त्यावरून लगेच औषध निघेल असंही नाही. पण गौरीचं कारण बहुतेक हे.

मी विचारलं, म्हणजे कोणी काही केल्यानं झालं नाही?

"नाही, काकू. कोणी काहीच केलेलं नाही."

मी तिचे आभार मानले. गौरीचा हात धरून रिक्षात बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उलट मला बोलायचं होतं. कोणाला तरी धरून पहिल्यापासून सांगायचं होतं, मधे कोणी बिचारी म्हणणार नाही असं.

घरी हे मेथी निवडत बसले होते, काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. मी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुमच्याकडून नाही, माझ्याकडून नाही. ह्यांनी ऐकून घेतलं. हातातली काडी खाली ठेवली. गौरी ह्यांच्या शेजारी बसून पानं गोळा करायला लागली. हे बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, आणि मग मान वर करून मला म्हणाले, "डॉक्टरबाईले सांगतलं का तू?"

बोलल्यावर ह्यांच्या लक्षात आलं. माझ्याही. आम्ही दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

मी म्हटलं, "उद्या सांगते."